साताऱ्याच्या मोहिते आणि पाच शिखरे

सुप्यात ‘मोहिते’ म्हटलं की आपल्याला संभाजी मोहितेच आठवतात. शिमग्याचं पोस्त मागायला म्हणून आलेल्या शिवरायांनी सावत्र मामाला कैद करून सुपे परगणा ताब्यात घेतला, ही सभासद बखरीतली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली. मी लिहिणार आहे त्या मोहिते मात्र आजच्या, साताऱ्याच्या प्रियांका मोहिते. आडनावावरून नातं जोडायचा माझा विचार नाही. पण इतिहास काही शिवकाळापाशी थांबत नाही, म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर पोचले. मराठी पाऊल तिथं पडायला १८ मे १९९८ उजाडला. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण माथ्यावर गेले. पुढे २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत चढले. ही सगळी सह्याद्रीच्या कड्यांवर घडलेली माणसं.

त्यानंतर वर्षभरात, २०१३ साली, प्रियांका मोहिते एव्हरेस्टवर पोचल्या. वय वीस. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी सत्कार आयुष्यभर पुरले असते. पण त्यांची यादी पुढे अशी आहे: २०१८ ल्होत्से, २०१९ मकालू, १६ एप्रिल २०२१ अन्नपूर्णा, ५ मे २०२२ कांचनगंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२० सालचा तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कारही त्यांना मिळाला.

ही यादी वाचताना माझी नजर २०१३ आणि २०१८ यांच्या मधल्या जागेवर थांबते. पाच वर्षं! मध्ये २०१६ साली आफ्रिकेतलं किलिमांजारो आहे, पण आठ हजारी एकही नाही. युरोपात राइनहोल्ड मेसनरसारखा माणूस पुस्तकं आणि व्याख्यानांवर जगत १९८६ पर्यंत चौदाही आठ हजारी शिखरं चढला, तीही कृत्रिम प्राणवायूशिवाय. आपल्याकडे गिर्यारोहण हा पोटापाण्याचा धंदा होत नाही. प्रियांका बंगळुरूला औषधक्षेत्रात नोकरी करत होत्या. एका मोहिमेला लाखो रुपये लागतात. ते उभे करायचे, रजा मिळवायची, शरीर तयार ठेवायचं. मला विचाराल तर खरी चढण तीच.

डोंगरावरची रीतही सबुरीचीच. वरच्या कँपला सामान पोचवायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं, असं करत शरीराला विरळ हवेची सवय लावतात. आठ हजार मीटरवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. शेर्पा दोर लावतात, पाठीवर प्राणवायूची नळकांडी असते. याला कोणी नाकं मुरडतात. मी स्वतः फक्त किल्ले हिंडलोय, बर्फावर पाय ठेवलेला नाही. पण दोर लावला म्हणून हिमकडा कोसळायचा थांबत नाही, एवढं कळतं. अन्नपूर्णेवर १९५० साली पहिल्यांदा चढलेल्या एर्झोगने परततीत हातापायांची बोटं गमावली होती.

कांचनगंगेच्या दिवशी प्रियांका माथ्यावर पोचल्या तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते, म्हणजे उतरायचं ते अंधारात. त्याच दिवशी त्याच डोंगरावर, आठ हजार मीटरच्या वर, आपल्याच राज्यातल्या एका गिर्यारोहकाचा अंत झाला. त्या खाली आल्या. बातमीत ‘शिखर सर’ एवढंच मोठ्या अक्षरात होतं.

या कांचनगंगेची एक जुनी रीत आहे. १९५५ साली पहिल्यांदा चढलेले ब्रिटिश गिर्यारोहक सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर माथ्याच्या काही पावलं अलीकडेच थांबले. शिखर तिथल्या लोकांना पवित्र. पुढच्या अनेकांनी तो शब्द पाळला.

आपल्या बॅचमधल्या कोणाच्या मुलामुलींना हे वेड लागलंच, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अठ्ठावीस दिवसांचा प्राथमिक वर्ग असतो. तिथं पाठवा. त्याआधी मात्र राजगड, तोरणा पावसाळा सोडून चारदोन वेळा तरी होऊ द्या.