शेतमजूर उस्ताद

आज आम्ही फिलिपाईन्सच्या एका उस्तादाची माहिती सांगणार आहोत. त्यांचं नाव एंजल काबालेस. जन्म १९१७ सालचा, पनाय बेटावरच्या आंतिके प्रांतातला.

त्यांच्या देशात काठीच्या विद्येला एस्क्रिमा म्हणतात. तिथे स्पेनचं राज्य तीनशेहून अधिक वर्षं होतं, म्हणून नाव स्पॅनिश. काबालेस यांची पद्धत 'सेराडा', म्हणजे बंद, मिटलेली. दोनेक फुटांची आखूड काठी घ्यायची आणि समोरच्याच्या अगदी जवळ उभं राहून लढायचं. वार येण्याच्या १२ दिशा ठरलेल्या, प्रत्येकीला उत्तर ठरलेलं. रिकामा हातही काठीइतकाच कामाचा, कारण तो समोरच्याचा हात दाबून धरतो. ताकदीपेक्षा नेमकी वेळ साधण्याला इथे किंमत.

तरुणपणी ते अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी शेतमजुरी करू लागले. तिथे अ‍ॅस्परॅगस पिकतं. आपल्या शतावरीच्या कुळातलीच ही कोंबांची भाजी. दिवसभर कमरेत वाकून एकेक कोंब कापायचा. राबणारे बहुतेक फिलिपिनो पुरुष, घरदार मागे सोडून आलेले. गोऱ्या बाईशी लग्न करायला त्यांना कायद्याने बंदी होती, ती १९४८ साली उठली. गावातल्या एका हॉटेलच्या दारावर तर फिलिपिनोंना मज्जाव असल्याची पाटी होती.

या माणसांकडे एस्क्रिमाची विद्या होती, पण ती झाकलेली. कामावरून आल्यावर आपसात सराव करायचा, परक्याला दाखवायचं नाही. शिकवायचं झालंच तर अगदी विश्वासातल्या माणसाला. मग ही म्हातारी माणसं गेली, की विद्याही त्यांच्याबरोबर जाणार.

१९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिओंग यांच्या पुढारपणाखाली फिलिपिनो मजुरांनी संप केला. आपल्या घामाचं मोल त्यांनी उघडपणे मागितलं. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, काबालेस यांनी स्टॉकटनमध्ये एस्क्रिमाची शाळा सर्वांसाठी उघडली. जातपात, वंश काही विचारला नाही. जुन्या लोकांना हे रुचण्यासारखं नव्हतं. पण ब्रूस लीचे मित्र डॅन इनोसांटो यांच्यासारखे शिष्य काबालेस यांच्याकडे शिकले आणि विद्या दूरवर गेली. १९९१ साली काबालेस वारले, तरी सेराडा आजही शिकवली जाते. खुद्द फिलिपाईन्सने २००९ साली कायदा करून या काठीच्या विद्येला, आर्निस या नावाने, राष्ट्रीय खेळ ठरवलं.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, 'तुम्हाला काय येतं?' तर उत्तर मिळतं, 'आम्हाला कुठं काय येतंय?' आणि तीच बाई गोधडीला असा टाका घालते, की बघत राहावं. काबालेस यांनाही लोक मजूरच म्हणत होते. त्यांनी दार उघडलं तेव्हा उस्ताद दिसला. तुमच्या हातात जे आहे, ते या महिन्यात एकीला तरी शिकवा.