वाट पाहणारे बी : वरवट बकाल आणि पूर्णेचा खारपाणपट्टा

खाऱ्या मातीत बी पडते, पाऊसही होतो, तरी ते उगवत नाही. विहीर भरलेली असते आणि शेत कोरडे राहते. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालच्या परिसरात यावे लागते. आजचा धागा त्यावर.

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा नदी. या पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला प्रदेश म्हणजे खारपाणपट्टा. येथील भूजल मुळातच खारट. हे मीठ आले कुठून, प्राचीन खाऱ्या सरोवरातून की निचरा न झालेल्या पाण्याच्या बाष्पीभवनातून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आता बियाकडे वळू. उगवण्यासाठी बीला प्रथम पाणी शोषून घ्यावे लागते. मातीतील पाण्यात क्षार वाढले की ते पाणी जणू मातीकडेच ओढून धरले जाते. ओल समोर असूनही बी तहानलेले राहते. किनाऱ्यावरील खाजणांतल्या अनेक रानगवतांनी यावर उपाय शोधला आहे, तो म्हणजे वाट पाहण्याचा. त्यांचे बी खारट चिखलात मरत नाही, निद्रिस्त राहते. पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार विरळ झाले की ते जागे होते. (हराळीने हा प्रश्नच टाळला आहे, ती बियांवर विसंबून न राहता धावत्या खोडांनी पसरते.)

पिकांचे बी मात्र असे थांबत नाही. हजारो वर्षे माणसाने पेरताच एकदम उगवणारेच बी निवडले आणि निद्रा बाजूला पडली. खारपाणपट्ट्यातील शेतीचा पेच इथेच आहे : बियाने गमावलेला संयम शेतकऱ्याला बाळगावा लागतो. पहिल्या सरीवर पेरणी केली आणि पावसाने उघडीप दिली, तर उगवू पाहणारे बी वाया जाते आणि दुबार पेरणीचा खर्च माथी येतो. इतरत्र अशा वेळी विहिरीचे पाणी देता येते. येथे तेच पाणी दिले तर जमीन अधिक बिघडते.

कोकणातील खारजमिनींशी तुलना केली म्हणजे फरक उमगतो. तेथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस जमिनीतील मीठ धुऊन नेतो. मग शेतकरी मोड आणलेले भात फेकून पेरतो. या पद्धतीला 'रहू' म्हणतात. म्हणजे उगवणीचा नाजूक टप्पा शेताबाहेरच उरकला जातो. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि जमीन भारी काळी. सोडियममुळे ती चोपण होते : ओली असता चिकट, सुकता दगडासारखी. पाणी मुरत नाही, म्हणून मीठही खाली जात नाही. वर पापुद्रा धरतो आणि उगवलेला कोंबसुद्धा तो भेदू शकत नाही. म्हणूनच पावसाळ्यात जिरलेल्या ओलीवर रब्बीत हरभरा घेण्याची रीत येथे टिकली.

शेतकऱ्याला नको असलेले हे मीठ सत्तेला मात्र हवे होते. पूर्वी अकोला जिल्ह्यातील दहीहांडा परिसरात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. मिठावरील कर हे त्या सरकारचे मोठे उत्पन्न असल्याने स्थानिक उत्पादनाला पुढे थारा उरला नाही. एप्रिल १९३० मध्ये, दांडीयात्रेनंतर, वऱ्हाडातील सत्याग्रहींनी कायदेभंगासाठी हेच दहीहांडा निवडले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता, परंतु मीठ पायाखालीच होते.

इतिहासाच्या पुस्तकांत दहीहांड्याचा सत्याग्रह कधीमधी भेटतो. पेरणीसाठी आभाळाकडे पाहणारी त्याच पट्ट्यातील गावे क्वचितच. वास्तविक दोन्हींचे मूळ एकाच पाण्यात आहे. आता संग्रामपूर तालुक्यात पिण्यासाठी वान धरणाचे गोडे पाणी नळाने येते. शेतांत जिप्सम टाकले जाते, पावसाचे पाणी साठवण्यासाठी शेततळी खोदली जातात. जूनमध्ये मात्र तिफण बाहेर काढायची की आणखी एक पाऊस पाहायचा, हा प्रश्न घरोघरी निघतोच.