डहाणूच्या खाडीवरची बिनपैशाची होडी

नाशिककरांना एका दिवसात समुद्र पाहून यायचा असला की गाडी त्र्यंबक, मोखाडा, जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीकडे वळते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. पहाटे निघालेली मंडळी सुरूच्या बनात डबे सोडतात, पाण्यात डुंबतात आणि घोलवडचे चिकू घेऊन रात्री घरी परततात. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या वाटसरूंची सोय एकेकाळी कोणी केली होती, याचा लेख मात्र नाशकातच कोरलेला आहे. पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत.

क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शासक) नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी हा विहार कोरवून घेतला. ब्राह्मी लिपीतल्या लेखात त्याने आपली दाने नोंदवली आहेत. तीन लाख गाई, वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन, हे सगळे राजेलोकांच्या रिवाजातले. मग अचानक नद्यांची नावे येतात: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या सहा नद्यांवर त्याने बिनपैशाच्या होड्या ठेवल्या आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या. भडोच, दशपुर, गोवर्धन आणि सोपारा इथे मुक्कामासाठी चौसोपी निवारे बांधले.

दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. पारदा ही पार आणि दमण ही दमणगंगा. या दोघींचा उगम नाशिक जिल्ह्यातलाच. गोदावरी पूर्वेला जाते म्हणून नाशिकचे पाणी बंगालच्या उपसागराचे, असे शाळेपासून डोक्यात बसते. पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस अरबी समुद्राला मिळतो.

भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने निघालेल्या माणसाला या नद्या मुखाजवळ ओलांडाव्या लागत. तिथे पात्र रुंद, चिखल खोल, भरतीचा जोर मोठा. उतराईचे पैसे नसलेला माणूस काठावरच अडकायचा. म्हणून उषवदाताच्या सगळ्या दानांत या होड्यांचे दान सर्वांत मोलाचे वाटते. गाईंच्या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक.

त्याच सुमाराचे ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले दर्यावर्दींचे पुस्तक भडोचच्या भरतीबद्दल भीतीनेच बोलते. परकी गलबते खाडीत शिरताना फसत, तेव्हा राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे जात आणि भरतीची वेळ साधून त्यांना बंदरात ओढून आणत. सोपारा आणि कल्याणही त्या पुस्तकात आहेत.

लेखातला आणखी एक तपशील नाशिकच्या जवळचा आहे. नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडे उषवदाताने फिरत्या संन्याशांच्या संघांना दिली, आणि त्यांतला एक संघ होता गोवर्धनचा, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या गोदाकाठचा. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. ते बोर्डीच्या थोडे उत्तरेला, आता गुजरातेत. किनाऱ्यावरच्या नारळांचे उत्पन्न सह्याद्री चढून गोदाकाठच्या संन्याशांच्या वाट्याला येत होते!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप उमटवलेला दिसतो. सत्ता बदलली, तरी लेण्यातला होड्यांचा लेख शाबूत राहिला. पांडवलेणी पाहायला येणाऱ्या शाळांच्या सहलींना निदान त्या सहा नद्यांची नावे तरी वाचून दाखवायला हवीत.

आज त्या नद्यांवर पूल आहेत. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, कारखान्यांवर बंधने आली, आणि किनाऱ्यामागच्या वाड्या टिकल्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. भरती-ओहोटीचे गणित मात्र तेव्हाचेच. बोर्डीचा किनारा उथळ आहे; ओहोटीला पाणी इतके मागे सरते की डुंबायला आलेल्याला ओल्या वाळूवरून बरेच चालावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. एकच दिवस हाताशी असेल, तर नाशकाहून निघण्याआधी तिथी पाहावी आणि पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांना भरतीची वेळ विचारावी.