कथेतील पात्रयोजना व संघर्ष

कथेत कोणत्या पात्राने कोणते काम करायचे, हे ठरवणारी रचना म्हणजे पात्रयोजना. त्या पात्रांच्या इच्छा, मूल्ये आणि परिस्थिती यांतून उभा राहणारा पेच म्हणजे संघर्ष. समीक्षेत या दोन घटकांचा विचार बहुधा वेगवेगळा होतो, पण लघुकथेत ते सुटे करणे अवघड जाते. कादंबरीला पात्राचे बालपण, घरदार, स्वभावातली वळणे सांगायला सवड असते. कथेतले पात्र मात्र पेचाचा एखादा पदर हाती घेऊनच आत येते. प्रमुख आणि दुय्यम हा भेदही त्या पदरावरूनच करावा. पात्र किती वेळ समोर असते, त्यावरून नव्हे.

नायक, प्रतिनायक, विदूषक ही नावे नाट्यविचारातून आली. धनंजयाच्या दहाव्या शतकातील ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणेच दिली आहेत. सज्जन आणि दुर्जन यांची अशी सरळ विभागणी सुरुवातीच्या मराठी कथेलाही सोयीची होती. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. मात्र तंत्रावर भर देणाऱ्या कथेत पात्रे पुष्कळदा कथानकाच्या सोयीने हलू लागली. दिवाकर कृष्ण यांच्या ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ (१९२७) या संग्रहात त्याआधीच संघर्ष मनाच्या आत शिरला होता. १९४५ नंतरच्या नवकथेत, विशेषतः गंगाधर गाडगीळांच्या कथेत, खलनायकाची जागा जवळजवळ रिकामी झाली. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’त (१९७२) माणसासमोर नियती उभी आहे आणि तिच्याशी वाटाघाट होत नाही.

पात्रांच्या भूमिका आणि संघर्ष किती घट्ट बांधता येतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा. तिच्याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवेदक दलित तरुण आहे. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर गेल्यावर तो जात लपवतो. सहकारी त्याला मान देतात, आणि तो मान खोट्या ओळखीवर उभा असल्यामुळे मिळालेला प्रत्येक आदर त्याची भीती वाढवतो. येथे काशीनाथ या सहकाऱ्याची योजना निर्णायक ठरते. तो त्याच जातीचा आहे, पण जात लपवत नाही आणि अपमान निमूटपणे सोसत नाही. रूढ वर्गवारीत तो दुय्यम पात्र ठरेल. प्रत्यक्षात निवेदकाने टाळलेला पर्याय त्याच्या रूपाने सतत समोर वावरत असतो. जात उघडी पडते, निवेदकाला मारहाण होते, तेव्हा सोडवायला काशीनाथच येतो. मारणारी माणसे कालपर्यंत मित्र होती. त्यांना खलनायक म्हटले की कथा लहान होते. निवेदक स्वतः या माराचा कर्ता मनूला मानतो. प्रतिनायक अशा रीतीने व्यवस्थेत सरकतो, तरी मारणाऱ्या हातांची जबाबदारी पुसली जात नाही. मराठी कथेत संघर्षाची जागा इतक्या ताकदीने बदलणारी उदाहरणे मोजकीच आहेत.

पडद्याआडचे पात्रही संघर्षाचे केंद्र होऊ शकते. प्रेमचंदांच्या ‘कफन’ या हिंदी कथेत घीसू आणि माधव हे बापलेक झोपडीबाहेर भाजलेले बटाटे खात बसतात आणि आत माधवची बायको बुधिया प्रसूतिवेदनांनी तळमळून मरते. तिच्या कफनासाठी जमवलेले पैसे ते दारूत उडवतात. बुधिया वाचकासमोर फारशी येतच नाही, पण तिला वगळले तर कथेत पेचच उरत नाही. तिचे स्वतःचे म्हणणे मात्र कथेत कुठेच ऐकू येत नाही, हा आक्षेपही गंभीरपणे घ्यायला हवा.

निवेदकाची निवड हा पात्रयोजनेचाच भाग असतो. बागुलांची कथा प्रथमपुरुषी आहे, म्हणून लपवण्याचा ताण वाचकाला आतून जाणवतो. तीच हकिकत सहकाऱ्याच्या तोंडून आली असती, तर ती फसवणूक उघडकीस आल्याची गोष्ट झाली असती.

संघर्ष क्षीण होऊन माणूसच लेखनाचा विषय झाला, की कथा व्यक्तिचित्राकडे झुकते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ (१९४९) या सीमेवर उभी आहेत. ‘धर्मा रामोशी’ वाचताना पुढे काय होणार याची ओढ फारशी लागत नाही. दारिद्र्यात जगणारा तो माणूसच लक्ष धरून ठेवतो.