मालिकेचे कथन आणि जुन्या प्रेक्षकाचे मत : पत्रापासून टीआरपीपर्यंत

प्रस्तावना

भारतीय दूरचित्रवाणी मालिकेचा इतिहास बहुधा तीन अंगांनी लिहिला जातो : वाहिन्यांचा विस्तार, जाहिरातींचे अर्थकारण आणि मालिकांतील स्त्रीप्रतिमा. या तिन्ही अंगांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र वर्षानुवर्षे एकच मालिका पाहणारा, तिच्यातील नातीगोती व जुने प्रसंग ध्यानात ठेवणारा आणि त्या आधारे कथेची बरीवाईट पारख करणारा जो प्रेक्षक, तो या इतिहासात केवळ संख्येच्या रूपाने येतो. त्याला कथनाविषयी काही मत होते, ते मत सकारण होते आणि एके काळी ते लेखकाच्या टेबलापर्यंत पोहोचत होते, ही बाब सहसा नोंदवली जात नाही. प्रस्तुत लेखात या मताचा प्रवास पाहावयाचा आहे. प्रेक्षकाचा कौल घेण्याची साधने गेल्या चार दशकांत अधिक वेगवान झाली. परंतु त्या कौलामागील कारण ऐकण्याची सोय त्याच काळात संपत गेली, असे येथे प्रतिपादन आहे.

क्रमशः कथेची दोन कुळे

‘क्रमशः’ या शब्दाशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० नंतर तुकड्यातुकड्याने वाचकांपुढे आली. पुढील अंकाची वाट पाहणे आणि मधल्या काळात पात्रांविषयी तर्क करणे हा अनुभव दूरचित्रवाणीने निर्माण केलेला नाही. मात्र कादंबरीला शेवट असतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबण उत्पादकांच्या पैशावर नभोवाणीवरून सुरू झालेल्या आणि त्यामुळेच ‘सोप ऑपेरा’ म्हटल्या गेलेल्या कथांना शेवट अभिप्रेतच नव्हता. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ मध्ये नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षांच्या या काळात लेखक, नट आणि निर्माते बदलत गेले. आजीकडून नातीकडे वारशाने गेला तो पाहण्या-ऐकण्याचा परिपाठ. अशा कथेचा पूर्वेतिहास लेखकापेक्षा जुन्या प्रेक्षकालाच अधिक ठाऊक असतो.

लॅटिन अमेरिकेत दुसरे कूळ वाढले. तेथील ‘टेलिनोव्हेला’ ठरावीक काळाने संपते. पेरू देशातील ‘सिम्प्लेमेंते मारिया’ (१९६९) या मालिकेतील मोलकरीण शिवणकाम शिकून वर येते. ती पाहून शिवणयंत्रांचा खप वाढल्याचे दिसून आले. कथेचा हा प्रभाव मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी हेरला आणि १९७० च्या दशकात प्रौढ साक्षरता व कुटुंबनियोजन या उद्दिष्टांसाठी मालिका रचण्याची पद्धत घडवली. भारतात मालिका आली ती या मार्गाने. महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोच्या या प्रयोगाकडे दिल्लीचे लक्ष वळले, असे सामान्यतः मानले जाते.

‘हम लोग’ : पत्रांचा काळ

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी हे तिचे लेखक, तर पी. कुमार वासुदेव हे दिग्दर्शक होते. डिसेंबर १९८५ पर्यंत तिचे दीडशेहून अधिक भाग प्रसारित झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी थेट बोलत, कथेतील पेच उलगडून सांगत आणि विचार करण्यास सुचवत. या शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटाचे महत्त्व आजवर पुरेसे ओळखले गेलेले नाही. कथा एकतर्फी नाही, तिच्यावर बोलता येते, असे येथे प्रेक्षकाला प्रथमच सांगितले जात होते. प्रेक्षकांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला. मालिकेच्या काळात सुमारे चार लाख पत्रे आल्याची नोंद अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आहे.

या पत्रांनी आणि सर्वसाधारण प्रतिसादाने काय घडले, हे पाहणे उद्बोधक आहे. सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा संदेश ठळक होता. प्रेक्षकांना तो रुचला नाही. त्यानंतर उपदेश मागे पडला आणि बसेसर राम यांच्या घरातील ओढाताण पुढे आली. दादीला घशाचा कर्करोग होतो व ती दगावते, असे कथानक होते. परंतु सुषमा सेठ यांनी साकारलेली ही दादी प्रेक्षकांना इतकी आपली वाटली, की त्यांच्या आग्रहास्तव तिचे कथानक लांबवावे लागले. दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मुकाट सोसणारी भगवंती हे पात्र ‘असे असू नये’ हे दाखवण्यासाठी योजलेले होते. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. योजकांच्या दृष्टीने हे अपयश होते. पण भगवंतीच्या ठिकाणी आपली आई किंवा स्वतःलाच पाहणाऱ्या स्त्रीने तिला ‘नकारात्मक’ ठरवावे, ही अपेक्षाच मुळात कागदी होती, असे म्हणावे लागेल.

पत्रव्यवहाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पत्र लिहिण्यासाठी अक्षरओळख लागते, सवड लागते; ज्या घरात संच नव्हता, त्या घराचे मत पत्रातूनही येत नव्हते. तरीही पत्रात एक गोष्ट अपरिहार्यपणे असे. लिहिणाऱ्याला ‘का’ हे सांगावे लागे. दादी जगावी, असे लिहिणारा ती का जगावी हेही लिहीत असे.

मापकाचा काळ

१९९२ मध्ये झी टीव्ही आली, १९९४ मध्ये ‘शांती’ने दुपारच्या दैनंदिन मालिकेची सवय लावली आणि १९९९-२००० मध्ये अल्फा टीव्ही मराठी व ई टीव्ही मराठी या वाहिन्यांनी मराठी घरांत प्रवेश केला. याच सुमारास निवडक घरांतील संचांना मापक यंत्रे जोडून दर आठवड्याला टीआरपी काढण्याची पद्धत रूढ झाली. कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी सुरू होती, हे मापक सांगतो. ती का सुरू होती, हे तो सांगू शकत नाही. समाधानाने पाहणारा, चिडून पाहणारा आणि दुसऱ्या खोलीत भाजी निवडताना नुसता ऐकणारा, हे तिघे त्याच्या लेखी सारखेच. कंटाळून निघून गेलेला जुना प्रेक्षक तर केवळ एका दशांशाची घट ठरतो. शिवाय ग्रामीण घरे या मोजणीत नियमितपणे आली ती २०१५ मध्ये नवी व्यवस्था सुरू झाल्यावर. तोपर्यंत खेड्यातील प्रेक्षक मालिका पाहत असला, तरी तिचे भवितव्य ठरवणाऱ्या आकड्यांत नव्हता.

या बदलाचा कथनावर झालेला परिणाम मालिकेच्या निर्मितिपद्धतीतून समजतो. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्ती करतात. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडेच दिवस आधी होते. ज्या उपकथानकाने आकडा वाढतो ते ताणले जाते, ज्याने घसरतो ते गुंडाळले जाते. लेखक बदलला की पात्राची स्मृतीही बदलते. जुन्या प्रेक्षकाची तक्रार नेमकी येथे असते. मालिका लांबली, ही ती तक्रार नव्हे. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ पर्यंत चालली. सासूचे हे चार दिवस अकरा वर्षे पुरले आणि तीन हजारांहून अधिक भाग लोकांनी पाहिले. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्याबरोबर प्रेक्षकांचे वयही वाढले. लांबी त्यांना जाचत असती, तर हे घडले नसते. जाचतो तो विसर : काल शहाणी असलेली सून आज विनाकारण फसते, पाच वर्षांपूर्वी मिटलेला गैरसमज नव्याने उकरला जातो आणि घरातील एखादी आत्या कोणतेही कारण न देता कथेतून नाहीशी होते. अशा वेळी ‘मालिका भरकटली’ हा नेहमीचा शेरा ऐकू येतो. तो वरवर ढोबळ वाटला, तरी त्यात कथेच्या सुसंगतीची मागणी असते. वाङ्मयाच्या वर्गात कादंबरीकडे जी मागणी केली जाते, तीच ही होय.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेचे उदाहरण या दोन काळांच्या सांध्यावर उभे आहे. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ती सुरू झाली. २००१ च्या आरंभी अमर उपाध्याय यांनी रंगवलेल्या मिहीर विरानीचा मृत्यू दाखवण्यात आला आणि प्रेक्षकांत मोठा क्षोभ उसळला. अखेर मिहीर जिवंत परतला. वरवर पाहता हा दादीच्या कथेचाच पुढचा अध्याय वाटतो. परंतु दादीच्या बाबतीत प्रेक्षकांनी मृत्यू लांबवून मागितला होता. येथे दाखवून झालेला मृत्यू मागे घेण्यात आला. ही सोय एकदा हाती आल्यावर स्मृतिभ्रंश, बदललेला चेहरा आणि मेलेल्यांचे पुनरागमन हे मालिकांचे नित्याचे साहित्य बनले. मिहीरसाठी हळहळणाऱ्या प्रेक्षकाने हे सर्व मागितले होते, असे म्हणता येत नाही. त्याने एक पात्र परत मागितले. व्यवसायाने त्यावरून एक युक्ती शिकून घेतली. मरणाचे गांभीर्य गेल्यावर कथेत पणाला लावण्यासारखे फारसे काही उरत नाही, हेही जुन्या प्रेक्षकाच्याच प्रथम लक्षात आले.

पुढे मिहीरच्या भूमिकेतील नटही बदलले आणि रोनित रॉय दीर्घकाळ मिहीर म्हणून वावरले. १८३३ भागांनंतर ६ नोव्हेंबर २००८ रोजी मालिका संपली. २९ जुलै २०२५ रोजी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा स्मृती इराणी यांच्या तुलसीसमोर मिहीर म्हणून उभे राहिले ते अमर उपाध्याय. २००१ मध्ये ज्या चेहऱ्यासाठी प्रेक्षक हळहळले होते, तोच हा चेहरा.