खाजा, मिकी आणि घरी राहिलेली माणसं

आमच्या मालवणात जत्रेहून परतलेल्या माणसाला देवीचं दर्शन कसं झालं, दशावतार रंगला का, कोण कोण भेटलं, हे सगळं नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : "खाजो हाडलंस?" आणला असेल तर पुढचं बोलणं, नसेल तर तुम्ही जत्रेला गेलातच नाहीत असं समजायचं!

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बेसन घट्ट भिजवायचं, त्याची बोटभर लांबीची जाड शेव पाडायची आणि ती कडक तळायची. मग गुळाचा पक्का पाक करून त्यात भरपूर आलं घालायचं, त्यात ही शेव टाकायची आणि पाक सगळीकडे बसून सुटा होईपर्यंत परतत राहायचं. थंड झाला की प्रत्येक तुकड्यावर गुळाचं खडबडीत कवच चढतं. दिसायला अगदीच ओबडधोबड. पण आधी गोड, मग कुरकुरीत, आणि शेवटी घशात आल्याचा चटका.

लहानपणी मला वाटायचं की हा अस्सल आमच्या मातीतला पदार्थ. मोठेपणी विचार करू लागले तर गंमत लक्षात आली. आमच्या मातीत पिकतात भात, नाचणी, कुळीथ, नारळ. हरभरा घाटावरचा. गूळही बहुतेक कोल्हापूरकडचा, घाट उतरून आलेला. म्हणजे रोजच्या स्वयंपाकात नसलेल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की खाजा होतो. तो जत्रेतच भेटायचा, कारण जत्रेचे दिवस भात कापून झाल्यावरचे. कार्तिकात दशावताराच्या मंडळ्या बाहेर पडतात, मग गावोगावचे दहीकाले, महाशिवरात्रीला कुणकेश्वर, आणि मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा (तिची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते). या दिवसांत हातात चार पैसे असतात आणि हवा कोरडी असते. आषाढातल्या दमट हवेत उघडा ठेवलेला खाजा दुसऱ्या दिवशी चिकट होतो. जत्रेच्या हंगामात मात्र आरामात टिकतो.

हे टिकणं हाच या पदार्थाचा खरा गुण. खाजा हा शब्द संस्कृतातल्या 'खाद्य'वरून प्राकृतातून आला असं मानतात, आणि तो देशभर फिरला आहे. बिहारमध्ये राजगीर-नालंद्याजवळच्या सिलावचा खाजा मैद्याच्या पदरांचा. पुरीला जगन्नाथाच्या प्रसादातला खाजाही तसाच पदरांचा. गोव्यातलं खाजें मात्र आमच्या खाज्याचं सख्खं भावंड, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पदार्थ वेगळे, नाव एक, आणि ठिकाणं पाहिलीत तर सगळी यात्रेकरूंची. लोक लांबून येतात, देव बघतात, आणि परत जाताना काहीतरी घेऊन जातात. ते घरी पोचेपर्यंत टिकायला हवं. पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे याच जातीचे.

हे सगळं कुणासाठी न्यायचं? जो आला नाही त्याच्यासाठी.

माझी आजी जत्रेला फारशी गेलीच नाही. जत्रा रात्रीची. घरात गुरं, दारात वाळत घातलेलं भात, कुणीतरी मागे राहायला हवंच. ते कुणीतरी म्हणजे नेहमी आजीच. आम्ही पहाटे डोळे चोळत परत यायचो आणि वर्तमानपत्रात बांधलेला पुडा तिच्या हातात द्यायचो. ती आधी देवापुढे ठेवायची, मग शेजारच्या दोन घरी वाटा काढायची, आणि मग आपला वाटा खलबत्त्यात कुटून खायची, कारण दात नव्हते. खाता खाता विचारायची, "राजा कोण होतो? संकासुराक हसलास मां?" तिची जत्रा तेवढीच, मूठभर कुटलेल्या खाज्याएवढी.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्रजीत जत्रेहून घरच्यांसाठी आणलेल्या भेटीला एक वेगळा शब्दच आहे, 'फेअरिंग'. शब्दशः आपला जत्रेचा खाऊ! आणि त्यात सगळ्यात लोकप्रिय काय, तर आल्याची कडक बिस्किटं आणि केक. लाकडी साच्यात घालून त्यांची माणसं नि प्राणी करायचे. लंडनची बार्थोलोम्यू जत्रा ११३३ पासून १८५५ पर्यंत भरत होती, तिथे आल्याचा केक विकणारे ठरलेले असत. आलं तिकडे पिकत नाही, ते आपल्याच समुद्राच्या वाटेने गेलेलं. आमच्या खाज्यात गूळ नि हरभरा परका आणि आलं घरचं, त्यांच्या केकमध्ये आलं परकं. जत्रेच्या खाऊत काहीतरी लांबून आलेलं लागतंच, असं दिसतं.

मग जत्रा बदलली. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात फेरिसचं प्रचंड चाक फिरलं (आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा अवाढव्य भाऊ). १९०४ मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात म्हातारीचे केस यंत्रावर निघू लागले. ते यंत्र काढणाऱ्या दोघांपैकी एक चक्क दाताचा डॉक्टर होता! एका खोक्याला २५ सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या तिकिटाच्या निम्मे पैसे, तरी ६८ हजारांवर खोकी खपली. आता म्हातारीचे केस घरी नेऊन बघा. वाटेतच बसतात. तो खाऊ तिथेच, त्याच क्षणी, स्वतःच खायचा. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, त्याच्या कितीतरी आधी खाऊची दिशा अशी बदलू लागली होती.

तीन वर्षांपूर्वी भाचीकडे जपानला गेले तेव्हा तिच्या लेकीच्या हट्टाने टोकियो डिस्नीलँड पाहिलं. नावात टोकियो असलं तरी ते आहे शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासूला. १९८३ मध्ये उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. उरायासू हे पूर्वी मच्छीमारांचं गाव, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. समुद्रात भर घालून जमीन केली आणि तिच्यावर हे पार्क उभं राहिलं. मालवणच्या माणसाला हे ऐकून पोटात जरा कालवतंच.

पण खाऊ? काय सांगू मंडळी! 'टॉय स्टोरी'तल्या तीन डोळ्यांच्या परग्रहवासीयांचे हिरवे मऊ मोची, आत कुणात कस्टर्ड, कुणात चॉकलेट, कुणात स्ट्रॉबेरी. इतके गोजिरवाणे की चावायला जीव होईना. (चावल्यावर मात्र झाला.) मिकीच्या डोक्याच्या आकाराचं आइसक्रीम. आणि पॉपकॉर्न, तेही करीच्या चवीचं, मधाचं, सोया सॉस नि लोण्याचं. ते घ्यायला गळ्यात अडकवायचे रंगीत डबे. डबा एकदाच महाग घ्यायचा, मग थोड्या पैशांत पुन्हा पुन्हा भरून मिळतो. जो तो आपापला डबा गळ्यात घालून आपापलं खात चाललेला. नातीने मला भरवलं, नाही असं नाही. पण मनात आलं, आमच्या खाज्याला डबा नव्हता, कारण तो आपल्या गळ्यात अडकवायचा नसतोच.

संध्याकाळी बाहेर पडताना मात्र मी चूक ठरले, आणि बरं वाटलं. दाराजवळच्या दुकानांत ही गर्दी! लोक टिनच्या डब्यांतली बिस्किटं, चॉकलेटं ढिगाने घेत होते. भाची म्हणाली, "मावशी, हे ओमियागे. कुठेही गेलं तरी ऑफिसमधल्या लोकांसाठी, शेजाऱ्यांसाठी न्यावंच लागतं." या रिवाजाचा धागा इसेच्या तीर्थयात्रेपर्यंत मागे नेतात. एदो काळात गावातले लोक वर्गणी काढत, चिठ्ठीत ज्यांचं नाव येई ते सगळ्यांच्या वतीने इसेला जात, आणि येताना सगळ्यांसाठी काहीतरी आणत. म्हणजे मिकीच्या टिनच्या डब्यामागेही कुणीतरी घरी राहिलेलं माणूस आहेच.

आमच्याकडे घरी राहिलेली माणसं दोन ठिकाणी असायची. एक आजीसारखी गावात, दुसरी मुंबईत. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. प्रत्येकाला जत्रेची रजा मिळायची नाही. मग जो जाऊन आला त्याच्याबरोबर खाजा यायचा, पूर्वी बोटीने, मग एसटीने. माझा काका लालबागला अशा खोलीत होता. तो सांगायचा, पुडा सुटला की खोलीत कुणी बोलत नसे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर काका गावी परतला तो कायमचा. पुढच्या जत्रेत सवयीने त्याने दोन पुडे घेतले. एक घरचा. दुसरा खोलीवर पाठवायचा, पण खोलीवर आता होतं कोण? त्याने तो दुसरा पुडा कुणाला दिला हे मी त्याला कधी विचारलं नाही.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता आंगणेवाडीला जादा गाड्या सुटतात, ज्याला यायचं तो येतो. खाजा मुंबईत बारा महिने मिळतो, घरपोचही येतो, चवही वाईट नसते. याचं मला दुःख नाही. आजीला कुणी गाडीत घालून जत्रेला नेलं असतं तर मला आवडलंच असतं. फक्त एक करते. जत्रेत गेले की अजूनही एक पुडा जास्त घेते, आणि त्या वर्षी ज्याला येता आलं नाही असं माणूस शोधून त्याला देते. कधी आजारी शेजारीण, कधी परीक्षेला बसलेलं पोर. असं माणूस अजून एकदाही सापडलं नाही असं झालेलं नाही.

तुमच्या गावच्या जत्रेहून घरच्यांसाठी काय यायचं? शेव-लाडू, चिरमुरे, रेवड्या? आणि ते कुणासाठी राखून ठेवायचे? आमच्या घरातल्या थोरांनीही आठवेल ते सांगावं. काकाच्या त्या खोलीतलं कुणी अजून असेल तर त्यांनी तर नक्कीच.