निःशस्त्र आणि दुहाती लढत: नियम हे साधन म्हणून कसे वाचायचे?

इतिहासाची साधनं लिहा म्हटलं की पेटची तयारी करणारा कुणीही ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार अशी यादी पाठ म्हणून दाखवतो. खेळाचे नियम त्या यादीत सहसा नसतात. मी विज्ञान शाखेतून आलो, त्यामुळे मला नियम म्हणजे एक मॉडेल वाटतं. खऱ्या गोष्टीतलं काय धरलं आणि काय सोडून दिलं, हे त्यात दिसतं.

आधी एक लांबचं उदाहरण बघू. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी पात्रं व्हायचं आणि मारामारीचा निकाल फाशांवर लावायचा. तलवारीचा वार नियमात बसवणं सोपं होतं. वीस बाजूंचा फासा टाका, ठरलेला आकडा आला की वार लागला. घोळ झाला तो रिकाम्या हातांच्या झटापटीत. 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये पकड, बुक्के आणि अंगावर कोसळणं यांसाठी वेगळे टक्केवारीचे तक्ते आहेत, आणि ते किचकट म्हणून बदनामही आहेत. दोन हातांत दोन शस्त्रं घेतली तर मुख्य हाताला उणे 2 आणि दुसऱ्या हाताला उणे 4 असा दंड. शिवाय दुसरं शस्त्र खंजीर किंवा छोटी कुऱ्हाडच हवं.

असं का? वार ही एका क्षणाची घटना आहे. पकड मात्र सतत बदलणारी स्थिती आहे; एकाचा तोल सरकला की दुसऱ्याचाही सरकतो. तिचे तुकडे पाडून फाशाला देता येत नाहीत. दोन शस्त्रांच्या दंडाचं कारण निराळं आहे. दंड नसता तर टेबलावरचा प्रत्येक जण दोन तलवारी घेऊन बसला असता! म्हणजे हा नियम लढाईपेक्षा खेळाचा समतोल सांभाळतो. कुठलाही नियम हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा: यातून कुणाची अडचण सुटते?

आता आपल्याकडे येऊ. निलंगा-उदगीरच्या पट्ट्यातून सीमा ओलांडली की बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' लिहिला. त्यातल्या मल्लविनोदात वय, शरीर आणि ताकद यांवरून मल्लांचे वर्ग पाडले आहेत. त्यांना राजाने कडधान्यं, मांस, दूध, साखर पुरवावी असंही आहे. डावांची नावं दिली आहेत, पण डाव कसा करायचा हे सांगितलेलं नाही. इथे अडचण राजाची आहे. जोड बरोबरीची नसेल तर विनोद, म्हणजे करमणूक, होणार कशी? डाव शिकवणं वस्तादाचं काम, ते ग्रंथात कशाला येईल? गायगॅक्सच्या तक्त्यांची गत उलटी आहे: निकाल लावायची सोय आहे, पण डावांची समृद्धी नाही. डावांची सविस्तर नोंद मराठीत हवी असेल तर विसाव्या शतकात यावं लागतं, बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांच्या दहा खंडी 'व्यायाम ज्ञानकोशा'पर्यंत.

मातीतल्या कुस्तीचा गाभ्याचा नियम एकच, चितपट. गुणांची मॅटवरची कुस्ती वेगळी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत तयार झालेल्या खाशाबा जाधवांना मॅटशी जुळवून घ्यावं लागलं. ते सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन परतले. आपल्या लातूरला 1969 ची महाराष्ट्र केसरी झाली आणि ती याच जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी जिंकली. याच जिल्ह्यातले काका पवार गाजले ते ग्रीको-रोमनमध्ये, जिथे कमरेखाली हात लावता येत नाही. पट काढणं, एकलंगी, सगळं बाद! एक ओळ बदलली की अर्धं शास्त्र बाजूला पडतं.

दुहाती लढतीसाठी नांदेडइतकी चांगली जागा नाही. सचखंड हुजूर साहिबच्या होला मोहल्ल्यात गतका बघितला असेलच. एका हातात काठी, दुसऱ्यात फरी. मराठीतला फरी-गदका त्याचाच भाऊबंद. इथे दुसऱ्या हाताचं काम मुख्यतः अडवण्याचं, त्यामुळे 'दुसऱ्या वाराला किती दंड' हा प्रश्नच उद्भवत नाही. दांडपट्टा दोन्ही हातांत घेऊनही फिरवतात, पण ते बहुतेक प्रात्यक्षिकात. समोर गुण मागणारा प्रतिस्पर्धी नसला की नियम लिहायची निकड नसते. गतक्याचं तसं राहिलं नाही. 2022 मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो आला. स्पर्धा म्हटली की कुठला स्पर्श धरायचा हे कागदावर आणावंच लागतं.

कागदावर न आलेलं मात्र अजून बरंच आहे, आणि माझ्या मते खरं काम तिथे आहे. माळेगाव यात्रेच्या किंवा एखाद्या उरुसाच्या फडात जोड कोण लावतं? काटाजोड कुस्ती किती वेळाने सोडवायची हे कोण ठरवतं? खांदे टेकले की नाही यावर वाद झाला तर कुणाचा शब्द शेवटचा? 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत नेमका खांद्यांवरूनच वाद पेटला. तिथे पंच होते, नियमावली होती, कॅमेरे होते. गावच्या फडात यातलं काही नसताना निकाल मान्य होत आला. तो कसा, हे सांगू शकणारे वस्ताद आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नांदेड-लातूरकडचं कुणी मौखिक इतिहासात विषय शोधत असेल तर रेकॉर्डर घेऊन आधी त्यांच्याकडे जा. ग्रंथालयातली नियमावली पुढच्या वर्षीही तिथेच असेल.